ताप कितव्या दिवसाचा?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'संसर्गजन्य आजार : प्रतिबंध, निदान आणि उपचार, सद्यःस्थिती'. एका तासात एवढं उरकणं म्हणजे सारंगखेड्याची यात्रा एसटीच्या खिडकीतून बघणं. घोडे दिसतील, पण भाव कळणार नाही. म्हणून मी सुरुवातीला एकच गोष्ट धरणार आहे आणि मग पत्रिकेची लाज राखण्यापुरतं बाकीचं सांगेन. आपण तापीकाठची माणसं, ताप आपल्या नदीच्या नावातच आहे, तेव्हा बोलायचं तर तापावरच बोलू. आणि हो, तो उजव्या कोपऱ्यातला कूलर मे महिन्यापासून तिथंच उभा दिसतोय. आता ऑगस्ट आहे. त्याच्याकडे शेवटी येऊ.

आपल्या आज्या-पणज्यांनी तापाला जी नावं दिली, त्यांत दिवस असायचा. मुदतीचा ताप म्हणजे टायफॉईड. एकवीस दिवसांची मुदत, तोवर पेज आणि देवाचं नाव. हिवताप एकआड दिवशी यायचा, म्हणजे बरोबर अठ्ठेचाळीस तासांनी. पंप, नांगर, बाजार सगळं त्या हिशेबानं लावत, कारण 'उद्या हिव भरणार' हे आदल्या दिवशी ठाऊक असे. त्यांच्याकडे ना रक्त तपासायची काच होती ना किट. दिवस मात्र मोजलेले असायचे. आज जिल्ह्याच्या गावात पोरगंही एनएस-वन, सीबीसी, सीआरपी अशी रक्ततपासण्यांची नावं घडाघडा बोलतं, पण ताप कितव्या दिवसाचा हे विचारलं की घरातली चार माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

ओपीडीत रोज होणारा संवाद ऐका. 'कव्हयपाईन ताप शे?' 'व्हयनात दोन-च्यार रोज.' 'दोन का च्यार?' 'दोन-च्यारच.' त्या दोन आणि चारच्या मधली जी आडवी रेघ आहे ना, तिच्यात डेंग्यूचं निम्मं निदान बुडतं.

दिवस मोजायचा कसा, ते आधी सांगतो, कारण चूक तिथंच होते. पहिल्यांदा अंग तापलं किंवा थंडी वाजली, तो पहिला दिवस. डॉक्टरकडे गेलो तो नव्हे. लोक मोजतात दवाखान्याच्या पायरीपासून. त्याआधी दोन दिवस मेडिकलवरून गोळी आणून कपाशीत निंदणी केलेली असते, ते दोन दिवस हिशेबातून गळतात. मध्ये एक दिवस ताप उतरला आणि पुन्हा चढला, तर नवा पहिला दिवस धरायचा नाही, जुनाच पुढे चालवायचा. डेंग्यूत ताप असा मध्ये बसून पुन्हा उठू शकतो. तारीख आठवत नसेल तर तारीख विचारूच नका. 'सोमवारच्या बाजाराला गेले होते तेव्हा अंग गरम होतं का? पोळ्याला पुरण खाल्लं का, की तोंड कडू होतं?' असं विचारलं की माणूस पाच मिनिटांत नेमक्या संध्याकाळपर्यंत पोचतो. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या चौकोनात एक फुली मारायची. थर्मामीटर काखेत नीट दाबून, 'पीप' वाजेपर्यंत धरायचा आणि सकाळ-दुपार-रात्र आकडा लिहायचा. काखेत साडेनव्व्याण्णव फॅरनहाइटच्या वर गेला तर ताप. 'अंगात ताप आहे, पण दिसत नाही' हा प्रकार थर्मामीटरला कळत नाही.

आणि हा दिवस प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर लिहायचा. बऱ्याच चिठ्ठ्यांवर त्यासाठी जागा छापलेली असते. ती रिकामी येते. नाव, वय, लिंग, पैसे भरले की बाकी, सगळं असतं. ज्या एका आकड्यावर रिपोर्टचा अर्थ ठरतो तो नसतो.

डेंग्यूच घ्या. विषाणू रक्तात असतो सुरुवातीचे दिवस, म्हणून एनएस-वन ही तपासणी पहिल्या दिवसापासून साधारण पाचव्यापर्यंत कामाची. त्यातही पूर्वी एकदा डेंग्यू होऊन गेला असेल तर ती आणखी लवकर निगेटिव्ह होते. शरीरानं तयार केलेलं आयजीएम हे प्रतिद्रव्य दिसायला लागतं पाचव्या दिवसाच्या सुमारास. म्हणजे तिसऱ्या दिवशी केलेलं आयजीएम निगेटिव्ह आलं, तर त्याचा अर्थ 'अजून वेळ झाली नाही' एवढाच. पण घरी निरोप काय जातो? 'डेंग्यू निघाला नाही.' उलट सातव्या दिवशी नुसतं एनएस-वन करून निगेटिव्ह आलं तरी निरोप तोच. आयजीएम दोन-तीन महिने रक्तात टिकतं. श्रावणात डेंग्यू होऊन गेलेल्या माणसाला दिवाळीला वेगळाच ताप आला, तरी झटपट किटच्या पट्टीवर रेघ उमटू शकते, आणि मग 'याला दुसऱ्यांदा डेंग्यू झाला'. पट्टीपेक्षा प्रयोगशाळेतली एलायझा तपासणी भरवशाची. सरकारी नोंदीतही एलायझालाच मान आहे, पट्टी लागली तर तो संभाव्य धरतात.

प्लेटलेट्सचं तर विचारू नका. या आजारात त्या चौथ्या-पाचव्या दिवसापासून घसरतात आणि सातव्या-आठव्या दिवशी आपसूक चढतात. मधल्या दिवसांत घरचे जे काही पाजतात त्याला श्रेय मिळतं. पपईचा पाला, किवी, बकरीचं दूध. बकरीच्या दुधाचा भाव पावसाळ्यात का वाढतो ते बकरीलाही कळलेलं असेल. आकडा वीस-पंचवीस हजार दिसला की गाव हादरतं. खरं तर मशीन कधी कधी प्लेटलेट्सचे गुच्छ मोजतच नाही, विशेषतः जांभळ्या टोपणाची बाटली रक्त घातल्यावर आठ-दहा वेळा हळूच उलटीपालटी केली नाही तर. म्हणून खूप कमी आकडा आला की काच करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. बाहेरून प्लेटलेट्स चढवायची वेळ येते ती आकडा दहा हजाराखाली गेला किंवा रक्तस्राव असला तर. नुसत्या भीतीपोटी नाही.

धोका असतो ताप उतरल्यावर, आणि नातेवाइकांना पटत नाही ती हीच गोष्ट. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो, सगळे हुश्श म्हणतात आणि त्याच चोवीस-अठ्ठेचाळीस तासांत रक्तातलं पाणी शिरांबाहेर झिरपायला लागतं. पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त, माणूस सुस्त पडलाय, लघवी कमी. यातलं एक जरी असलं तरी घरी थांबायचं नाही. तापाला फक्त पॅरासिटॅमॉल, मुलाला एका वेळी किलोमागे दहा ते पंधरा मिलिग्रॅम. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन, कमरेत डायक्लोफेनॅकची सुई हे सगळं वर्ज्य. सुई टोचली तिथं रक्त साकळून लिंबाएवढी गाठ होते.

आता विडाल, म्हणजे टायफॉईडची रक्ततपासणी.

अध्यक्ष हसताहेत, म्हणजे त्यांना कल्पना आहे की इथं गाडी घाटात अडकणार. अडकू द्या. खानदेशात ताप आलेल्या माणसाच्या हातात जो कागद पडतो त्यात एक ओळ हमखास असते, विडाल. लोक तिचा आकडा बीपीसारखा सांगतात. 'टायफॉईड एकशेसाठ निघाला.' 'मला ऐंशीच होता, तिला तीनशेवीस.' म्हणजे तिचा जास्त, म्हणून तिला बाटल्या जास्त. (हशा.) हसू नका, बिल त्याच हिशेबानं होतं.

फर्नांड विडाल यांनी ही तपासणी पॅरिसला मांडली १८९६ साली. त्याच साली मुंबईत प्लेग शिरला, आणि १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी प्लेगची लस स्वतःच्या अंगात टोचून घेतली. तेव्हा खानदेश एकच जिल्हा होता. १९०६ साली त्याचे पूर्व-पश्चिम असे दोन झाले, १९९८ साली नंदुरबार धरून तीन झाले. विडाल जिथं होती तिथंच आहे.

ती करतात कशी ते बघा, म्हणजे आकडा कुठून येतो ते कळेल. रक्त गोठू दिलं की वर पिवळसर पाणी राहतं, ते सीरम. काचेवर गोल आखलेले असतात. त्यांत सीरमचे थेंब उतरत्या मापात घालतात, ऐंशी मायक्रोलिटर, मग चाळीस, वीस, दहा आणि पाच. प्रत्येकावर मारलेल्या टायफॉईड जंतूंच्या रंगीत द्रावाचा एक थेंब. काडीनं मिसळून काच एक मिनिट हलवायची आणि गुठळ्या दिसतात का ते बघायचं. ऐंशीच्या गोलात दिसल्या तर एकास वीस, वीसच्या गोलात दिसल्या तर एकास ऐंशी, पाचच्या गोलातही दिसल्या तर एकास तीनशेवीस. हा झाला तुमचा 'टायफॉईड तीनशेवीस'. यात रक्तात जंतू आहेत की नाहीत हे कुणी बघितलेलंच नाही. जंतूंविरुद्ध शरीरानं कधीतरी केलेली प्रतिद्रव्यं किती आहेत, एवढंच बघितलं.

त्यात चुका किती शिरतात बघा. द्राव फ्रिजमधून काढून तसाच थंडगार वापरला, बाटली नीट हलवली नाही आणि वरचा पातळ भागच थेंबात आला, काच एक मिनिटाऐवजी तीन मिनिटं ठेवली तर कडा वाळून खोट्या गुठळ्या दिसतात. पंखा चालू असेल तर आणखी लवकर. मे महिन्यात पंचेचाळीस अंशात आपल्याकडे काय होत असेल याचा विचार करा. खरी पद्धत नळीतली. सदतीस अंशाला रात्रभर ठेवायची आणि सकाळी वाचायची. जंतूच्या 'ओ' भागाच्या गुठळ्या तळाशी दाणेदार बसतात, 'एच' भागाच्या मोकळ्या, पिंजलेल्या कापसासारख्या. कापूस पिकवणाऱ्या मुलखाला ही खूण ओळखायला अवघड जाऊ नये. पण रात्रभर थांबायला वेळ कुणाला? पेशंट अर्ध्या तासात रिपोर्ट मागतो.

बरं, पद्धत अगदी चोख केली तरी मूळ अडचण राहतेच. ही प्रतिद्रव्यं पहिला आठवडा संपताना वाढू लागतात. आपल्याकडे विडाल होते दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी. तेव्हा ती पॉझिटिव्ह आली तर बहुधा जुन्या ओळखीमुळे. सांडपाण्याच्या गटारीशेजारून पाण्याची पाइपलाइन जाते त्या गावात प्रत्येकाच्या अंगात थोडीफार प्रतिद्रव्यं असतातच. मलेरियाच्या तापातही ती उसळतात, टायफॉईडच्या भाऊबंद जंतूंमुळेही उसळतात. तिचा उपयोग करायचाच तर दोनदा करायची, दहा ते चौदा दिवसांच्या अंतरानं, आणि आकडा चौपट वाढला तरच अर्थ काढायचा. ऐंशीचा तीनशेवीस. दुसऱ्यांदा कोण करतं? करतात ते वेगळ्याच कारणासाठी, 'गेला का बघायला'. प्रतिद्रव्यं महिनोन्‌महिने राहतात. मग रिपोर्ट पुन्हा 'पॉझिटिव्ह', मग 'टायफॉईड मुरलाय', 'हाडात गेलाय', आणि धडधाकट माणूस तिसऱ्यांदा अँटिबायोटिक खातो.

नुकसान नुसतं पैशाचं असतं तर मी तुमची संध्याकाळ खाल्ली नसती. साखळी बघा. ताप, विडाल ऐंशी, म्हणून ऑफ्लॉक्सॅसिन किंवा लिव्होफ्लॉक्सॅसिन. खऱ्या टायफॉईडवर या कुळातली औषधं आपल्या देशात आता फारशी चालत नाहीत, जंतू त्यांना सरावलेत. पण क्षयाच्या जंतूवर ती अर्धवट चालतात. तापाचं खरं कारण क्षय असेल तर आठ-दहा दिवस बरं वाटतं, बेडक्यात जंतू सापडेनासे होतात, मग ताप परत. परत विडाल. असे दोन-तीन महिने जातात. तेवढ्यात तो माणूस एका खोलीत घरच्यांबरोबर झोपतोय, नातवाला मांडीवर घेऊन खोकतोय. आणि औषधाला दाद न देणाऱ्या क्षयासाठी आपल्याकडे २०२४ साली मान्य झालेला जो सहा महिन्यांचा नवा उपचार आहे, बीपाल्म, त्यातलं 'म' म्हणजे मॉक्सिफ्लॉक्सॅसिन. तेही याच कुळातलं. काचेवरच्या गुठळ्यांनी आपण ते आधीच बोथट करून ठेवतो.

मग करायचं काय? ब्लड कल्चर. रक्तातला जंतू वाढवून हातात धरायचा. पहिल्या आठवड्यात आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जाण्याच्या आधी. डोसनंतर घेतलं तर निम्मी आशा सोडा. एरवीही ते शंभरात चाळीस ते साठ टायफॉईडच पकडतं, कारण एका मिलिलिटर रक्तात जंतू अगदी मोजके असतात. म्हणूनच रक्त पुरेसं हवं. मोठ्या माणसाचं आठ ते दहा मिलिलिटर, शक्यतो दोन हातांतून दोन बाटल्या. तीन मिलिलिटर घेऊन पाठवलेली बाटली बघितली की प्रयोगशाळेत कपाळाला हात जातो. लहान मुलाचं एक ते तीन चालतं, पण बाटली मुलांची वापरावी.

त्वचा स्पिरिटनं पुसायची, मग क्लोरहेक्सिडीन लावून अर्धा मिनिट वाळू द्यायचं. वाळणं महत्त्वाचं, जंतू ओल्यात मरत नाहीत. नंतर शीर सापडत नाही म्हणून तिथं पुन्हा बोट टेकवलं की सगळं पाण्यात. बोटाचे जंतू बाटलीत वाढतात आणि पेशंटला नसलेल्या आजाराचं औषध सुरू होतं. बाटलीचं प्लास्टिकचं झाकण काढलं की आतलं रबरही पुसायचं, ते निर्जंतुक नसतं. एकाच सिरिंजनं सगळं भरायचं असेल तर आधी कल्चर, मग सीबीसी. आणि ती बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही! रक्त म्हटलं की फ्रिज, असं डोक्यात बसलंय. जंतूला ऊब हवी असते. तशीच, दोन-चार तासांत पोचवायची. मशीन दर काही मिनिटांनी बघत राहतं, टायफॉईड असेल तर बहुतेक वेळा दोन दिवसांत घंटा वाजते, नसेल तर पाच दिवस वाट बघायची. वर फायदा असा की कुठलं औषध चालेल तेही कळतं. सिंधमध्ये २०१६ पासून सेफ्ट्रायॅक्सोन या इंजेक्शनलाही न जुमानणारा टायफॉईड पसरला. तिथं ॲझिथ्रोमायसिन हा तोंडानं घ्यायचा जवळजवळ शेवटचा आधार उरला. आपल्याकडे तीच गोळी सर्दीला तीन दिवस खातात.

आणखी एक. योग्य औषध सुरू केलं तरी टायफॉईडचा ताप उतरायला चार-पाच दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी 'फरक नाही' म्हणून डॉक्टर बदलला की नवा डॉक्टर औषध बदलतो आणि चौथ्या दिवशी उतरलेल्या तापाचं पुण्य त्याच्या नावावर जमा होतं. इथंही दिवसच मोजायचेत.

बाटलीवरून आठवलं, आता दुसरी बाटली. 'डाक्टर, एक बाटली लाई द्या, अंगमा काहीच नही ऱ्हायनं.' पाच टक्के ग्लुकोजच्या अर्धा लिटर बाटलीत साखर असते पंचवीस ग्रॅम. पाच चमचे. दोन कप खानदेशी चहात तेवढी सहज जाते. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरमध्ये मीठ साडेचार ग्रॅम, एक लहान चमचाभर. त्यात व्हिटॅमिनचं पिवळं इंजेक्शन टाकलं की बाटलीला हळदीचा रंग येतो आणि नातेवाइकांचं समाधान होतं. उलटी नसलेल्या माणसाला याची गरज नसते. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्ण पाकीट, पूर्ण लिटर. अर्धं आज अर्धं उद्या करायचं नाही, प्रमाण बिघडतं. त्यात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि दोन पॉइंट सहा ग्रॅम मीठ, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. आतड्यात साखर मिठाला हाताला धरून आत नेते आणि त्यांच्यामागं पाणी जातं. जुलाब झालेल्या मुलाला सोबत झिंक वीस मिलिग्रॅम चौदा दिवस, सहा महिन्यांच्या आतल्याला दहा. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि गोळ्या चौथ्या दिवशी. त्या चौदाच द्यायच्या.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे'. खाली दोन रेघा ओढल्यात, म्हणजे खरं तर आठ. पत्रिकेवरचा विषय अजून सुरूही झालेला नाही, तेव्हा आता धावत.

मलेरिया. या एकाच तापाला दिवसाची अट नाही. ताप आहे तर परजीवी रक्तात आहे, पहिल्याच दिवशी काच किंवा किट करा. निगेटिव्ह आलं आणि संशय असेल तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा, असं तीनदा. किटमधली फाल्सिपेरम या मलेरियाच्या जातीची रेघ बरं झाल्यावरही दोन-चार आठवडे उमटू शकते, तेव्हा 'गेला का' हे किटनं बघू नका, काचेनं बघा. सुरतेकडून, उसतोडीवरून, जंगलातून कुणी परतलंय का हे विचारा. व्हायव्हॅक्स या दुसऱ्या जातीला क्लोरोक्विन तीन दिवस, किलोमागे दहा, दहा आणि पाच मिलिग्रॅम, आणि यकृतात लपलेल्यांसाठी प्रायमाक्विन चौदा दिवस. चौथ्या दिवशी बरं वाटतं, पुढच्या दहा दिवसांच्या गोळ्या देव्हाऱ्यामागं जातात, आणि काही महिन्यांनी तोच मलेरिया नव्यानं येतो. गरोदर बाईला आणि तान्ह्या मुलाला प्रायमाक्विन नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडे सिकलसेल जसा आहे तशी जी-सिक्स-पीडी या रक्तपेशी सांभाळणाऱ्या द्रव्याची कमतरताही आहे. तिथं ही गोळी देण्याआधी तपासणी हवी, आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर गोळी तिथल्या तिथं बंद करून दवाखाना.

पाच-सात दिवस झाले, डेंग्यू नाही, मलेरिया नाही, ताप हटत नाही, तर स्क्रब टायफस आठवा. २०१८ साली विदर्भानं तो चांगलाच अनुभवला. गवतातली पिसवेहूनही कितीतरी बारीक किडी चावते. अंगावर विडीच्या चटक्यासारखी काळी खपली शोधायची, काखेत, जांघेत, कानामागं, स्तनाखाली. म्हणजे कपडे काढून तपासायचं, खुर्चीत बसवून नाही. डॉक्सिसायक्लिन शंभर मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. बहुतेकांचा ताप अठ्ठेचाळीस तासांत पडतो.

दोन आठवडे खोकला किंवा दोन आठवडे ताप, तर क्षयासाठी बेडका तपासायचा, विडाल नव्हे. चूळ भरायची, तीनदा खोल श्वास घेऊन रोखायचा, मग छातीतून खोकून दोन ते पाच मिलिलिटर घट्ट बेडका. लाळ पाठवली तर क्षयाचे जंतू शोधणाऱ्या सीबीनॅट मशीनलाही काही सापडणार नाही. डबीचं तोंड घट्ट, नाव डबीवर, झाकणावर नाही. झाकणं अदलाबदल होतात आणि एकाचा क्षय दुसऱ्याच्या नावावर चढतो. रिपोर्ट दोन तासांच्या आसपास, औषधाला दाद देणारा की न देणारा तेही त्यातच. उपचार दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने तीन. लघवी केशरी होते, ते औषधाचा रंग आहे, रक्त नाही. पोषणासाठी महिन्याला पाचशे मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. घरातल्या इतरांची तपासणी करून प्रतिबंधक गोळ्याही मिळतात, त्या मागून घ्या.

कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून, कारण दोन मिनिटांतच पंधरा झाल्यासारखं वाटतं. मिरची, चुना, तेल काही लावायचं नाही. लस शून्य (म्हणजे पहिल्या डोसाचा दिवस), तीन, सात आणि अठ्ठावीस या दिवशी, दोन्ही दंडांत कातडीत प्रत्येकी शून्य पॉइंट एक मिलिलिटर. रक्त आलं असेल तर रेबीजचं सीरमही, म्हणजे तयार प्रतिद्रव्यं, आणि ते जखमेतच भरायचं. अठ्ठाविसाव्या दिवशीचा डोस लोक विसरतात. तोही कॅलेंडरवर फुली मारूनच ठेवा.

आता प्रतिबंध, आणि त्यात फक्त डास, कारण वेळ तेवढाच आहे. डेंग्यूचा एडिस डास अंड्यापासून उडेपर्यंत सात ते दहा दिवस घेतो. म्हणून सरकार आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतं. आणि आपल्याकडे कित्येक गावांत नळाला पाणी येतं आठ-दहा दिवसांनी. ज्या बाईला दहा दिवसांचं पाणी साठवायचंय ती सातव्या दिवशी टाकी ओतून देईल का? ओतणार नाही, आणि तिचं चुकत नाही. नगरपालिकेनं नळ डासापेक्षा लवकर सोडला तर निम्मं काम होईल. तोवर ज्या भांड्याचं पाणी ओतता येत नाही त्यावर घट्ट झाकण किंवा सुती कापड दोरीनं बांधा, मोठ्या हौदात गप्पी मासे सोडा, आरोग्यसेवक ॲबेट हे अळ्या मारायचं औषध टाकायला आला तर दारातून परत पाठवू नका, त्याचं प्रमाण लिटरला एक मिलिग्रॅम इतकं असतं. आणि ड्रम रिकामा झाला की नुसतं नवं पाणी भरायचं नाही. एडिसची अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या रेघेच्या जरा वर, भिंतीला चिकटलेली असतात. काळ्या मोहरीहूनही बारीक. ती कोरडी कित्येक महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. घासणीनं, नारळाच्या काथ्यानं, कशानंही घासा, पण घासा. हा डास दिवसा चावतो आणि घरापासून शे-दोनशे मीटरच्या पुढं सहसा जात नाही, म्हणजे तुमच्या घरात चावणारा डास बहुधा तुमचा किंवा शेजारच्याचाच आहे. संध्याकाळी धुराची गाडी फिरवून त्याला काही होत नाही. ती गाडी येते तेव्हा तो कपाटामागं बसलेला असतो आणि आपण दारं लावून घेतो.

लसीकरण, अँटिबायोटिकवरची लाल रेघ, हात धुणं, हे सगळं राहिलं. अध्यक्ष उभे राहिलेत, माइक आता जाणार. प्रश्न असतील ते चहाला विचारा.

फक्त तो कूलर. दोन जणांनी पुढं या. आधी प्लग काढा. तळाची टाकी तिरकी करा आणि पाणी बाहेर कोरड्या मातीवर ओता, गटारीत नाही, गटारीत अळ्या जगतात. मग कडेनं आतून घासा, पाण्याची पांढरी रेघ दिसते ना, तिच्या वरपर्यंत. गवताच्या जाळ्या काढून उन्हात टाका. ऊन नसेल तर जाळून टाका, पुढच्या वर्षी नव्या घ्याव्याच लागतात. टॉर्च मारून बघा आधी. वळवळणारं काही दिसतंय का? दिसतंय? मग जरा लहान मुलांना जवळ बोलवा, त्यांनाही बघू द्या.